उन्हाची बाजू

डोळ्यांवर बांधायला एक काळी पट्टी घे. “मावशी, सेंट पीटर्सबर्गला जाताना बॅगेत काय काय भरू?” या तुझ्या प्रश्नाला मनातून उमटलेलं पहिलं उत्तर हे. स्वेटर, छत्री, तापाच्या गोळ्या, एवढी यादी तुला कुणीही करून देईल. पण साठाव्या अक्षांशाजवळचा उजेड काय चीज असते ते कुणी सांगत नाही, आणि कळतं तोवर झोपेचं खोबरं झालेलं असतं. मेच्या मध्यावर तू तिथं असशील. संध्याकाळ येईल, पण तिला पुढं जायची घाई नसेल. नऊ वाजतील, दहा वाजतील, नेवा नदीच्या रुंद पाण्यावर एक मोतिया, ना उन्हाचा ना चांदण्याचा असा उजेड रेंगाळत राहील, काठावरच्या वाड्यांच्या पिवळ्या-हिरव्या भिंती आतूनच उजळल्यासारख्या दिसू लागतील, पीटर-पॉल किल्ल्यातल्या चर्चचा सोनेरी सुळका राखाडी आभाळात एकटाच जळत राहील, ग्रॅनाइटच्या कठड्यांवर पोरंपोरी पाय सोडून आइस्क्रीम खात बसलेली असतील, आणि तू घड्याळाकडे बघशील, मग आभाळाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

पुढे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तर रात्र नावालाच उरते. ‘पांढऱ्या रात्री’ म्हणतात त्या ह्याच. दस्तयेव्हस्कीने १८४८ साली या नावाची कथा लिहिली आणि माहितीपत्रकं छापणाऱ्यांची कायमची सोय करून ठेवली. पण या उजेडाचं मोल डिसेंबर पाहिलेल्यालाच कळतं. तेव्हा सूर्य दहाला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, तोही छपरांच्या कडेकडेने, कुणाच्या डोळ्यांत येऊ नये अशा बेताने. त्या महिन्यांची थकबाकी शहर मे-जूनमध्ये वसूल करतं. म्हणून रात्री अकराला बागेत लेकरं झोके घेताना दिसली, तर त्यांच्या आयांना नावं ठेवू नकोस. त्याच दिवसांत चेर्योमुखा नावाचं झाड पांढऱ्या घोसांनी लवतं, गल्लीबोळांत त्याचा कडवट-गोड वास दाटतो, आणि ते फुललं की गेलेली थंडी दोन दिवस माघारी येते असं तिथले लोक म्हणतात. येतेही. फुलं बघून भुलू नकोस, गरम कपडे तळाशी टाकू नकोस.

असा उजेड असला की पाय मुक्कामाकडे वळत नाहीत. इथं मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: मध्यरात्रीच्या आगेमागे मेट्रो बंद होते, आणि एक वाजून गेला की नेवेवरचे पूल उघडायला लागतात. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, रोज रात्री, मालवाहू जहाजांना वाट मिळावी म्हणून. तुझी खोली वासिल्येव्हस्की बेटावर आणि तू अलीकडच्या तीरावर असं झालं, तर पाच वाजेपर्यंतचा वेळ कुठं घालवायचा ते तुझं तू बघायचंस. लांबचे एक-दोन उंच पूल तेवढे उघडत नाहीत, पण त्यांच्यावरून फिरून जायचं म्हणजे टॅक्सी आली, आणि टॅक्सीवाल्यांना माणसाची निकड दुरून कळते.

तरीही एक रात्र मुद्दाम जाग. राजवाड्याच्या पुलाजवळ, हर्मिटेज संग्रहालयाच्या बाजूच्या काठावर उभी राहा. वाहनं थांबतात, पुलावरचा शेवटचा माणूस घाईघाईने उतरतो, थोडा वेळ काहीच होत नाही. आणि मग दिवसभर ज्याच्यावरून बस गेल्या, सायकली गेल्या, लग्नाच्या मोटारी गेल्या, तोच डांबरी रस्ता मधल्या पांढऱ्या पट्ट्यांसकट, ठिगळांसकट, चाकांच्या काळ्या ओरखड्यांसकट सावकाश उठायला लागतो, उठत राहतो, आणि त्याचे दोन पंख आभाळाला टेकल्यासारखे झाले की त्यांच्या फटीत पलीकडच्या किल्ल्याचा सुळका नेमका येऊन बसतो. काठावरचा कलकलाट विरतो. खालून एक जहाज जातं, काहीतरी अगदी साधं घेऊन, लाकडं किंवा रेती.

त्या शहरातल्या उशिरा घरी परतणाऱ्या सगळ्यांची सबब एकच: पूल उघडले होते. बायका ती मानतात की नाही, मला ठाऊक नाही.

मेट्रोला घाबरू नकोस, पण तिच्या खोलीची मनाशी तयारी ठेव. पीटर राजाने १७०३ मध्ये हे शहर दलदलीवर वसवलं. वरची जमीन पाण्याने भिजलेली, पाय रोवू न देणारी. त्यामुळे मेट्रो खणायची वेळ आली तेव्हा माणसांना खाली, आणखी खाली, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या निळसर चिकणमातीपर्यंत जावं लागलं. १९५५ साली पहिली गाडी धावली. अद्मिराल्तेयस्काया हे स्टेशन आज जमिनीखाली ८६ मीटरवर आहे. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं की खालचं टोक दिसत नाही, खालून एक कोमट, थोडा रबराचा, थोडा ओल्या लोकरीचा वारा तोंडावर येतो, आणि मग दोन-तीन मिनिटं करायला काहीच नसतं. उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू धावणाऱ्यांना सोडायची, एवढाच नियम. कुणी पुस्तक उघडतं. कुणी डोळे मिटतं. एक मुलगी एक पायरी वर उभी राहते, तिचा उंच मित्र एक पायरी खाली, दोघांची कपाळं एका पातळीत येतात, आणि तेवढ्या तीन मिनिटांपुरतं त्यांना कुणाचीही मान वर किंवा खाली करावी लागत नाही. समोरच्या जिन्याने वर येणारे चेहरे दिव्यांच्या उजेडात एकेक करून उमलतात आणि मागे पडतात. मला त्या जिन्यावर जेवढी माणसं नीट बघता आली तेवढी शहरात वर कुठेच नाही.

काही स्टेशनांवर फलाटाला रूळच दिसत नाहीत. दोन्हीकडे भिंती, भिंतींत लोखंडी दारं. गडगडाट होतो, दारं सरकतात, आणि भिंतीच्या आत माणसांनी भरलेला, उजळलेला डबा उभा असतो. खिडकीतून स्टेशनचं नाव वाचू म्हणशील तर जमणार नाही. कानांनी नाव धरायची सवय कर. वाट वाकडी करून अव्तोव्हो स्टेशन बघ, तिथले काही खांब घडीव काचेने मढवलेले आहेत आणि जमिनीखालचा उजेड त्यांच्यात तुटून तुटून पडतो. बाहेर पडतानाची दारं जड असतात, वाऱ्याने उसळून मागे येतात. पुढचा माणूस वळूनही न बघता ते दार तुझ्यासाठी धरून ठेवील. तूही मागच्यासाठी धर.

विमानात बसलीस की चित्रपट बघण्याऐवजी त्यांची अक्षरं शिक. तेहतीसच आहेत, आणि आपण काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं लहानपणी पचवलेली माणसं. स्टेशनांची नावं, ‘बाहेर’, ‘बंद’, ‘औषधालय’ एवढं वाचता आलं की शहराचा अर्धा अनोळखीपणा गळून पडतो. आणि नदीपलीकडे, विद्यापीठाच्या काठावरून चालताना, जिथं १८३४ साली इजिप्तहून आणून बसवलेले दोन स्फिंक्स बर्फ सोसत बसले आहेत, तिथं थोडं रेंगाळ. शहराचं नाव लेनिनग्राड असताना इथं मराठी शिकवली जाई. तात्याना कातेनिना या बाईंनी रशियनमध्ये मराठी व्याकरणाची रूपरेषा लिहिली, ती १९६३ साली छापून आली. आपण ज्या ‘ळ’कडे ढुंकूनही बघत नाही, तो ‘ळ’ या काठावरच्या एखाद्या थंड वर्गात कुणीतरी जीभ वळवून वळवून घोटलेला आहे.

आणखी एक. तिथं अनोळखी माणसाकडे बघून हसत नाहीत. दुकानात, बसमध्ये, रांगेत सगळे चेहरे मिटलेले असतात, आणि पहिले दोन दिवस आपल्याला वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं. हसू त्यांनी ओळखीच्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. हे नीट कळायचं तर कोट ठेवायच्या खिडकीपाशी जायला हवं. थिएटर असो, संग्रहालय असो, बाहेरचा कोट अंगावर ठेवून आत जायची रीतच नाही. तो खिडकीत द्यायचा आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा. खिडकीमागे बहुधा एक वयस्क बाई असते. ती तुझा कोट घेते, मानेपाशी आतून चाचपते आणि आकड्याला अडकवायची पट्टी शोधते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या जॅकेटांना ती पट्टी बहुतेक नसते, किंवा पहिल्याच महिन्यात तुटलेली असते. मग ऐकून घ्यावं लागतं.

एका नाटकाच्या रात्री माझ्यापुढे एक कॉलेजकन्यका होती. तिच्या कोटाची पट्टी एका बाजूने उसवून लोंबत होती. आजीबाईंनी कोट उजेडात धरला, पट्टी बोटावर घेऊन सगळ्या रांगेला दाखवली आणि सुरू झाल्या. “काय गं पोरी, घरी सुई नाही तुमच्या? आई काय म्हणेल?” पोरगी लाल झाली. बोलता बोलता बाईंनी खालच्या खणातून दोऱ्याचं रीळ काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, दोरा ओठांत ओला करून एका झटक्यात ओवला आणि चार टाके घातले. तोंडाचा पट्टा चालू, बोटं मात्र इतकी हलकी की कोटाला सुई टोचल्याचं कळू नये. दोरा दातांनी तोडला. बिल्ला खिडकीत आपटला. “जा, पहिली घंटा झाली.” मागे आम्ही वीसेक माणसं उभी होतो, कुणी चकार शब्द काढला नाही. हसलंही नाही कुणी.

जायच्या आधी तुझ्या कोटाची पट्टी शिवून घे.

आता रुक्ष कामं एका दमात उरकते, कारण त्यांचा मला कंटाळा आहे आणि तुला गरज. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चाल केली, मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांनी तिथला व्यवहार थांबवला. तेव्हापासून परदेशातून आणलेलं कार्ड तिथं निव्वळ प्लास्टिक. रोख ने, डॉलर किंवा युरो, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा, आणि बदल बँकेतच. उतरताना पासपोर्टबरोबर एक कागदी चिठोरं मिळेल, आल्याची नोंद म्हणून. ते परत निघेपर्यंत जिवापाड सांभाळ. सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याची नोंदणी लागते. हॉटेल ती आपणहून करतं, कुणाच्या घरी उतरलीस तर घरमालकाच्या मागे लागून करून घे. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून ने, कारण फोनचं नेट तिथं कधी कधी जातं, आणि शहराच्या मध्यभागी उभी असताना तो निळा ठिपका तुला खुशाल विमानतळावर नेऊन ठेवतो. विमानतळही ड्रोनच्या भीतीने अधूनमधून काही वेळ बंद होतो. पुढचं विमान घट्ट वेळेचं घेऊ नकोस. लष्करी काही दिसलं तर फोन खिशात. राजकारणावर अनोळखी माणसाशी गप्पा नकोत, तुझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. नळाचं पाणी उकळून.

झालं.

हर्मिटेजला सोमवारी सुट्टी असते. सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. तीस लाखांवर वस्तू आहेत, जन्म पुरायचा नाही. सकाळी दार उघडताच सरळ रेम्ब्रांच्या दालनात जा, गर्दी तोवर मोराच्या घड्याळापाशी अडकलेली असते. तिथं उधळ्या मुलाच्या परतण्याचं ते मोठं चित्र आहे. खिडकीचा उजेड त्याच्यावर पडून चकाकतो, समोरून नीट दिसत नाही, म्हणून थोडी बाजूला सरक. चेहऱ्यांकडे नंतर बघ. आधी गुडघे टेकलेल्या त्या मुलाचा तळपाय बघ, जोड्यातून सुटलेला, मळलेला, किती चालून आला त्याचा हिशोब तळव्यावरच मांडलेला. आणि मग त्याच्या पाठीवर विसावलेले म्हाताऱ्याचे हात, जे काही विचारत नाहीत.

मी तिथं उभी असताना मला चित्रापेक्षा चौकटच जास्त दिसायला लागली. त्याचं कारण असं: १९४१ च्या जुलैत, जर्मन सैन्य जवळ येताना, हर्मिटेजच्या या राजवाड्यातली चित्रं आणि वस्तू, दहा लाखांहून जास्त, गाड्या भरून उरल पर्वताकडे हलवल्या गेल्या. चित्रं गेली, पण चौकटी भिंतींवर तशाच टांगून ठेवल्या. कुठलं चित्र कुठं होतं ते विसरू नये म्हणून. पुढे काही सैनिक राजवाड्यातला पडझडीचा राडा उपसायला मदतीला आले. त्यांचे आभार कसे मानायचे? संग्रहालयातला एक माणूस त्यांना घेऊन त्या रिकाम्या, गोठलेल्या दालनांमधून फिरला, एकेका मोकळ्या चौकटीपाशी थांबला, आणि आत काय होतं ते सांगत गेला: इथं आईच्या मांडीवरचं मूल, इथं तिच्या गळ्यातल्या फुलाचा रंग, इथं खिडकीतून दिसणारा डोंगर. सैनिकांनी मान हलवत सगळं पाहिलं.

तुला तिथं भाड्याने कानात बोलणारं यंत्र मिळेल. घे हवं तर.

दुपारी बाराला किल्ल्यावरची तोफ उडते. रोज. दचकू नकोस, कबुतरांशिवाय कुणी हलत नाही. एखादा म्हातारा मनगटावरचं घड्याळ लावून घेतो, इतकंच. पण माझं मन त्या आवाजावरून आपोआप नेव्स्की रस्त्यावरच्या १४ क्रमांकाच्या इमारतीकडे जातं. ती एक शाळा आहे. भिंतीवर निळ्या रंगाचा एक चौकोन, त्यात पांढरी अक्षरं: नागरिकांनो, तोफमारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची. खाली बहुधा ताजी फुलं ठेवलेली असतात. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, असे ८७२ दिवस हे शहर वेढ्यात होतं. तोफा दक्षिणेकडून, नैऋत्येकडून डागल्या जात, त्यामुळे गोळे दक्षिणेला तोंड केलेल्या घरांवर येऊन आदळत. लोकांनी पलीकडच्या घरांच्या आडोशाने चालावं, म्हणून कुणीतरी भिंतींवर ही सूचना रंगवली. बस्स. ना घोषणा, ना शत्रूला शिव्याशाप. वाटसरूने कुठल्या बाजूने चालावं, एवढंच.

आणि दक्षिणेला तोंड म्हणजे ऊन. नेव्स्कीची तीच बाजू आजही उन्हाची बाजू म्हणून ओळखली जाते. मेच्या सकाळी सगळी गर्दी तिथंच लोटलेली असते. आया बाबागाड्या ढकलतात, कॉफीच्या दुकानांची टेबलं बाहेर येतात, माणसं कोटाची बटणं सोडून तोंड वर करून चालतात, महिनोन्‌महिने न भेटलेल्या उन्हाखाली गालांवर एक बावळट, सुखी भाव घेऊन. ज्या कोनातून ऊन येतं त्याच कोनातून गोळे येत होते. भूगोलाला दोन्हीचं सारखंच. मी त्या निळ्या चौकोनापाशी उभी राहिले की मला आज युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये कुठल्या रस्त्याची कुठली बाजू आडोशाची असेल असं मनात येतं, आणि मग त्या फुलांकडे सरळ बघता येत नाही. वेढा सोसलेल्या शहराच्या देशाने दुसऱ्यांच्या शहरांवर तोफा लावाव्यात, हे मला उलगडत नाही. फुलं ठेवणाऱ्यांपैकी कुणाला उलगडतं का, हे विचारायची सोय तिथं नाही.

विमानतळावरून शहरात येताना तू याच आघाडीच्या रेषेवरून येशील. पुल्कोव्हो आज विमानतळाचं नाव, तेव्हा लढाईच्या टेकड्यांचं. मस्कोव्हस्काया मेट्रोपर्यंत ३९ नंबरची बस जाते. वाटेत मोठ्या चौकात एक उंच स्तंभ आणि त्याच्यामागे एका बाजूने तुटलेलं दगडी कडं दिसेल. वेढा तुटला, ते हे कडं. त्याच्या खालच्या दालनात एक ठोका वाजत असतो, टक्, टक्. त्या दिवसांत रेडिओवर बोलायला काही नसलं की हा ठोका लावत. संथ ठोका म्हणजे निवांत, जलद झाला की तळघरात पळायचं. लोक झोपेतही तो ऐकत, आणि ठोका थांबला तर दचकून उठत.

जेवताना पाव टाकू नकोस. ही सूचना कुठल्याही पुस्तकात तुला मिळणार नाही, पण माझ्या यादीत ती पासपोर्टच्या वर आहे. २० नोव्हेंबर १९४१ पासून पाच आठवडे इथल्या नोकरदाराला, म्हाताऱ्याला, मुलाला दिवसाचा वाटा मिळत होता १२५ ग्रॅम पाव, आणि तोही निखळ पिठाचा नव्हे. इसाकच्या चौकात वनस्पतिशास्त्राची एक संस्था आहे. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर हिंडून जमवलेलं बियाणं तिथं साठवलेलं होतं. वाविलोव्ह स्वतः तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते, तिथंच १९४३ मध्ये ते गेले. इकडे त्यांचे सहकारी बियाण्याची राखण करत एकेक करून उपाशी मेले. तांदळाचा संग्रह ज्याच्या ताब्यात होता तो माणूस तांदळाच्या हजारो पुड्यांच्या मधोमध भुकेने गेला. पुड्या तशाच होत्या.

पिस्कार्योव्ह दफनभूमीत जवळजवळ पाच लाख माणसं आहेत. नावं नाहीत, लांबच लांब हिरवे उंचवटे आणि प्रत्येकावर नुसतं साल. येणारे लोक दगडावर पावाचा तुकडा ठेवतात, कधी चॉकलेट. चिमण्या तो नेतात.

पण उपाशी राहू नकोस, बाई. खायची आबाळ होईल ही तुझ्या आईची भीती अर्धीच खरी. ‘स्तलोवाया’ अशी पाटी शोध. ती साधी खानावळ. ताट घ्यायचं, काचेपुढून सरकत जायचं, बोट दाखवायचं. शाकाहारी दिवस असेल तर ‘बेझ म्यासा’ म्हण, पण त्यावर फार विसंबू नकोस, कारण कोंबडी आणि मासा यांना मांसात न धरणाऱ्या काकू तिथंही आहेत. त्यापेक्षा ‘पोस्नये’ विचार. ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण ते, मांस नाही, दूधही नाही. ग्रेच्का मिळेल, आपल्या उपवासाच्या कुट्टूचे अख्खे दाणे शिजवलेले, मातकट, खमंग. बटाटा भरलेल्या वारेनिकी मिळतील. काळा पाव सुटा मिळतो, कापावर पैसे. बोरोदिन्स्की असेल तर वरच्या कवचात धणे रुतलेले असतात आणि दाताखाली आले की क्षणभर आपण कुठं आहोत याचा घोटाळा होतो.

खरा घोटाळा मात्र शेपूचा. तू लहानपणी ताट बाजूला सारायचीस, आजीने रागे भरलं तरी तोंड मिटून बसायचीस, तो शेपू त्या शहरात तुला जिथंतिथं गाठेल. बोर्शवर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीच्या कोशिंबिरीत, लोणच्याच्या बरणीत, अंड्यावर, माशावर, स्मेताना नावाच्या आंबट दाट सायीवर हिरवा भुरभुराट. बर्फाखाली सहा महिने काढलेल्या माणसांना हिरवं दिसलं की त्यांचा हात आवरत नाही. पहिल्या दिवशी तू तो काट्याने वेचून कडेला लावशील. बघ जमतंय का. मला स्वतःला त्या वासाने एका ओल्या, कुंद दुपारी अनोळखी खानावळीत आईच्या ओट्याशी नेऊन उभं केलं होतं, आणि मी दोन वेळा बोर्श मागून घेतला.

मासे तू खातेसच. मेमध्ये फिनलंडच्या आखातातून कोर्युश्का नावाची बोटभर लांबीची चंदेरी मासळी अंडी घालायला नेवेत शिरते, आणि नाक्यानाक्यावर तिचे ठेले लागतात. ठेला दिसायच्या आधी वास येईल, आणि तो माशाचा नसेल. ताज्या चिरलेल्या काकडीचा असेल. अख्ख्या गल्लीला काकडीचा वास. हंगाम मेच्या मध्यावर आटोपत येतो, तेव्हा पोचलीस की आधी हे कर, राजवाडे कुठं पळून जात नाहीत. पिठात घोळवून मांदेलीसारखी कुरकुरीत तळून देतात. काटे काढत बसू नकोस, लोक हसतील. डोक्याकडून धरायची आणि शेपटीसकट खायची. सुटे रूबल हाताशी ठेव, मोठी नोट बघून ठेल्यावरची बाई कपाळाला आठ्या घालते.